विकरांचा लगाम शोधणाऱ्या कमला सोहोनी

वाल भिजत घालावेत, मोड आणावेत, सोलावेत आणि पुरते शिजवूनच पानात वाढावेत, हा मराठी स्वयंपाकघरातला पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. कच्चे वाल पचत नाहीत, एवढे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. ते का पचत नाहीत, याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग १९५५ मध्ये लंडनच्या ‘नेचर’ या साप्ताहिकातून जगापुढे आला. अन्नातील प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन नावाचे एक विकर, म्हणजेच एन्झाइम, आपल्या आतड्यात काम करते. वालात आणि डबल बीमध्ये या ट्रिप्सिनला अडवून धरणारा पदार्थ असतो आणि तो शुद्ध करून स्फटिकांच्या रूपात वेगळा काढता येतो, हे मुंबईच्या विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखविले होते. या संशोधनाच्या सूत्रधार होत्या डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचे नाव आज निघते ते बहुधा एकाच प्रसंगाच्या निमित्ताने. सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारलेली आणि तो झगडून मिळविणारी विद्यार्थिनी, ही त्यांची ओळख पक्की झाली आहे. ती खरी आहे, पण अपुरी आहे. आयुष्यभर त्यांनी ज्या विषयाचा पाठपुरावा केला, तो विषय होता प्रथिने, विकरे आणि त्या विकरांना आवर घालणारे निरोधक यांचा. विकर आणि निरोधक यांच्यातील हा तोल सुटला म्हणजे शरीरात काय अनर्थ घडतो, हे आमवाताने वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहिल्यावर कळते.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. घरात विद्येला मान होता आणि रसायनशास्त्र तर घरचेच होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. त्याच संस्थेत आपणही संशोधन करावे, असे मुलीच्या मनाने घेतले तर त्यात नवल नव्हते. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. ही पदवी त्यांनी १९३३ मध्ये पहिल्या क्रमांकाने मिळविली. रसायनशास्त्र हा मुख्य विषय आणि पदार्थविज्ञान जोडीला. गुणांच्या कसोटीवर बंगळूरचा प्रवेश ही केवळ औपचारिकता असायला हवी होती.

घडले उलटेच. नोबेल पारितोषिकाने तीनच वर्षांपूर्वी सन्मानित झालेले रामन त्या वेळी संस्थेचे संचालक होते. स्त्रियांच्या अंगी संशोधनाची पात्रता नसते, या समजुतीने त्यांनी अर्ज फेटाळला. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, नकाराचे कारण विचारले आणि प्रवेश मिळाल्याखेरीज हलणार नाही, असा सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. तो काळही सत्याग्रहाचाच होता. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, संचालकांची खात्री पटल्यावरच त्यांच्या कामाला मान्यता मिळणार होती आणि त्यांच्या वावरण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, असेही बजावण्यात आले होते.

अटी अपमानास्पद होत्या. कमलाबाईंनी त्या स्वीकारल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. साठहून अधिक वर्षांनंतर भारतीय महिला शास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांचा गौरव केला, तेव्हाही त्यांनी ती सल बोलून दाखविली. बंगळूरला त्यांना श्रीनिवासय्या यांच्यासारखे शिस्तीचे गुरू लाभले. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रयोगशाळेत राबावे लागे. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम सुरू केले. गरिबाच्या ताटातले प्रथिन हेच मुख्यतः डाळीचे असते आणि त्याचा अंगी लागणारा भाग किती, हा प्रश्न आपल्या देशात प्रयोगशाळेपुरता नव्हता. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंचे काम पाहून त्यांनी पुढे मुलींना संस्थेत प्रवेश देण्यास सुरुवात केली. १९३६ मध्ये कमलाबाईंना एम.एस्सी. मिळाली.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३७ च्या डिसेंबरात न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळविणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स तेथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते. त्या काळातही त्यांच्या विभागात स्त्री संशोधकांची संख्या लक्षणीय होती. बंगळूरच्या अनुभवानंतर हे वातावरण कमलाबाईंना केवढे मोकळे वाटले असेल, याची कल्पना करता येते. डेरेक रिक्टर यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. ज्या टेबलावर त्या दिवसा काम करीत, त्यावरच रिक्टर रात्री झोपत, असे सांगितले जाते. रिक्टर अन्यत्र गेल्यावर वनस्पतीच्या पेशींचा अभ्यास करणारे रॉबिन हिल त्यांचे मार्गदर्शक झाले.

हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना कमलाबाईंच्या ध्यानात आले, की प्राण्यांच्या पेशींत श्वसनाच्या कामी येणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींतही असते. पेशीला अन्नातून ऊर्जा मिळते ती इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकवीत, आणि त्या साखळीतला सायटोक्रोम-सी हा एक दुवा होय. बटाटा आणि माणूस यांचे श्वसन मुळात एकाच तत्त्वावर चालते, असा या निष्कर्षाचा अर्थ होता. पीएच.डी.चे काम त्यांनी अवघ्या १४ महिन्यांत संपविले. प्रबंध टंकलिखित ४० पानांचा. १९३९ मध्ये पदवी घेऊन त्या मायदेशी परतल्या. विज्ञान शाखेत पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव सर्वत्र घेतले जाते.

दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक, अशी पदे त्यांनी सांभाळली. १९४७ मध्ये विमागणिती माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग उघडला, तेव्हा त्याच्या प्राध्यापकपदी त्यांची निवड झाली. बंगळूरला हाती घेतलेला कडधान्यांचा धागा त्यांनी येथे पुन्हा उचलला.

कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा आणणारे काहीतरी असते आणि ते शिजविल्यावर नाहीसे होते, हे अमेरिकेतील संशोधकांना विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ठाऊक होते. १९४० च्या दशकात सोयाबीनमधील ट्रिप्सिन-निरोधक शुद्ध स्वरूपात हाती आला. पण भारतीय माणूस तेव्हा सोयाबीन खात नव्हता. त्याच्या जेवणात वाल होते, तूर होती, हरभरा होता. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न भारतीय अन्नाला विचारला. भाज्या आणि कडधान्ये एकामागून एक तपासली गेली आणि वाल व डबल बी यांतील निरोधक स्फटिकरूपात हाती आले. प्रथिने कापणारे विकर हे कात्रीसारखे असते. निरोधक त्या कात्रीच्या पात्यांमध्ये नेमका अडकून बसतो आणि ती मिटू देत नाही. किडीपासून बी वाचविण्यासाठी वनस्पतीने केलेली ही तजवीज माणसाच्या पचनाच्या आड येते. शिजविण्याच्या आचेने ती बव्हंशी मोडते, म्हणून आजीबाईंचा रिवाज शास्त्राच्या कसोटीला उतरला.

योगायोग असा, की त्याच सुमारास जगात दुसरीकडे याच कात्रीचा एक वेगळाच प्रताप दिसत होता. कच्ची पपई चोळली की मटण लवकर शिजते, ते पपईतील पपेन या प्रथिने तोडणाऱ्या विकरामुळे. अमेरिकेतील डॉ. लुईस थॉमस यांनी हे पपेन सशांच्या शिरेत टोचले, तेव्हा सशांचे ताठ कान काही तासांत लुळे पडले. कानाला ताठरपणा देणारी कूर्चा विकराने आतून पोखरली होती. १९५६ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. केंब्रिजमध्ये डॉ. ऑनर फेल याच दशकात काचेच्या बशीत कूर्चा आणि हाडे जिवंत ठेवून, ती विरघळतात कशी, याचा अभ्यास करीत होत्या. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला की पेशी स्वतःचीच विकरे सोडून आपल्या भोवतीची कूर्चा खाऊन टाकतात, असे त्यांना दिसले. म्हणजे कात्री बाहेरूनच यावी लागते असे नाही, ती शरीराच्या घरातच असते.

आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, हेच घडते. वयाबरोबर होणाऱ्या गुडघ्यांच्या झिजेहून हा विकार वेगळा. येथे शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. निरोगी सांध्याचे अस्तर कागदासारखे पातळ असते. आमवातात ते सुजते, जाड होते आणि एखाद्या वेलीसारखे कूर्चेवर पसरू लागते. सूज वाढविणाऱ्या रासायनिक संदेशांनी चेतविलेल्या या अस्तराच्या पेशी प्रथिने कापणारी विकरे मोठ्या प्रमाणावर सोडतात. १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाची शेपटी कशी विरते हे शोधताना कोलॅजेन कापणारे विकर प्रथम सापडले. पाचच वर्षांनी, १९६७ मध्ये, तसेच विकर आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातील अस्तरातही असल्याचे सिद्ध झाले. बेडूक मोठा होताना शेपटी गळावी म्हणून निसर्गाने योजलेले शस्त्र रुग्णाच्या बोटांत भलत्या जागी चालत होते.

या हल्ल्याला एक क्रम असतो. कूर्चा ही दोन मुख्य घटकांची वीण आहे. पाणी धरून ठेवणारे, उशीसारखे ॲग्रेकॅन हा एक आणि त्याला बांधून ठेवणारे कोलॅजेनचे दोर हा दुसरा. आधी ॲग्रेकॅन जाते. ते पुन्हा तयार होऊ शकते, सशांचे कानही काही दिवसांनी पुन्हा ताठ झाले होते. पण एकदा कोलॅजेनचे दोर तुटले, की ती वीण पूर्ववत होत नाही. पाठोपाठ हाडालगतच्या पेशी आम्ल आणि कॅथेप्सिन नावाचे विकर सोडून हाडही कोरू लागतात. बोटे वाकडी होतात, मूठ वळत नाही.

मग शरीराकडे वालाच्या दाण्यासारखी तजवीज नाही काय? आहे. कोलॅजेन कापणाऱ्या विकरांना आवरणारे चार निरोधक माणसाच्या शरीरात तयार होतात. रक्तातही मोठे निरोधक असतात. जखम भरणे, हाडाची वाढ होणे, बाळंतपणानंतर गर्भाशय आक्रसणे अशा कामांसाठी कात्री चालावी आणि काम संपले की थांबावी, असा हा कारभार आहे. आमवाताच्या सांध्यात निरोधक नसतो असे नव्हे. विकरांच्या पुरापुढे तो अपुरा पडतो. कमलाबाईंनी आमवातावर संशोधन केले नाही. मात्र विकर आणि निरोधक यांचा जो हिशेब त्यांनी डाळींच्या संदर्भात मांडला, तोच हिशेब येथे जिवंत सांध्यात चुकलेला दिसतो.

हा हिशेब बाहेरून औषध देऊन जुळविता येईल, अशी आशा १९९० च्या दशकात फार होती. कोलॅजेन कापणाऱ्या विकरांचे कृत्रिम निरोधक तयारही झाले. आमवातावर आजमावलेल्या अशा एका औषधाने सांध्यांची झीज थांबली नाही आणि कर्करोगासाठी दिलेल्या दुसऱ्या औषधाने रुग्णांचे स्नायू आणि सांधेच दुखू लागले. शरीराला हवी असलेली विकरेही त्याबरोबर अडविली जात होती. यश मिळाले ते वेगळ्या वाटेने. कात्री पकडण्याऐवजी ती चालविण्याचा हुकूमच रोखायचा, ही ती वाट. आंध्रचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील चमूच्या कामातून जन्मलेले मेथोट्रेक्सेट आज आमवाताच्या उपचारांचा कणा मानले जाते. १९९८ पासून सूज चेतविणारे संदेश थेट अडविणारी जैविक औषधेही आली. सूज शमली की विकरांचा पूर ओसरतो आणि शरीरातले निरोधक आपले काम करू शकतात.

पण कोलॅजेनचे दोर तुटण्यापूर्वी औषध पोहोचले पाहिजे. आमवातात पहिले काही महिनेच सर्वांत मोलाचे असतात. बीड जिल्ह्यासारख्या भागात या वाक्याला फार कठोर अर्थ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम आटोपल्यावर चैत्राच्या आसपास परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तेथला हिशेब. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो आणि तोही बहुधा ऐन कामाच्या वयात. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडतात, मनगटे सुजतात, कोयत्याची पकड सुटू लागते, असे एखाद्या स्त्रीला फडात जाणवले तर ती श्रमाचा दोष मानून दुखणे दाबणारी गोळी घेते आणि उचल फेडण्यासाठी काम रेटते. गोळीने दुखणे कमी होते, पण विकरे थांबत नाहीत. ती गावी परतून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत ते मोलाचे महिने हातचे गेलेले असू शकतात. श्रमाने आमवात होत नाही. पण श्रमाच्या अशा रहाटीमुळे त्याचे निदान मात्र लांबते. दोन्ही हातांचे लहान सांधे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेले असतील तर ती थकव्याची सूज समजू नये आणि आमवाताची तपासणी करून घ्यावी, एवढी माहिती फडापर्यंत पोहोचली तरी कितीतरी मुठी वळत्या राहतील.

असे ज्ञान सामान्य माणसापर्यंत नेण्याची कळकळ कमलाबाईंच्या अंगी पुरेपूर होती. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात जीवनसत्त्वे व लोह टिकून राहतात आणि कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या व गर्भवतींच्या आहारात तिचा उपयोग होतो, असे त्यांच्या विभागाला आढळले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे दूध प्रकल्पालाही त्यांचा सल्ला लाभला. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र हक्काचे असूनही चार वर्षे उशिराने त्यांच्याकडे आले. बंगळूरच्या दारात सुरू झालेली लढाई पदव्या आणि पारितोषिके मिळूनही संपलेली नव्हती.

१९६६ मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी एकत्र येऊन ग्राहक मार्गदर्शक संस्था स्थापन केली, त्यांत कमलाबाई होत्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षाही झाल्या. अन्नातील भेसळ कशी ओळखावी, जाहिरातीतला दावा कसा पारखावा, हे त्या संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकातून सोप्या भाषेत सांगत. आमवातावर अमुक पथ्य, तमुक काढा असे रामबाण उपाय सांगणाऱ्यांची आज कमी नाही. वालात निरोधक आहे म्हणून वाल खाऊन सांधे वाचतील, असेही एखादा सांगू शकेल. तो निरोधक शिजविताना मोडतो, उरलेला आतड्यात आपले काम संपवितो, सांध्यापर्यंत तो पोहोचत नाही. शोध नेमका कोठवर लागू पडतो आणि कोठे थांबतो, हे ग्राहकाला कळावे यासाठीच कमलाबाईंनी उतारवयात लेखणी हाती घेतली होती.

१९९८ च्या जूनमध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्या सत्काराचा समारंभ योजला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांची प्राणज्योत मालवली. पुढे २०२३ च्या १८ जूनला, त्यांच्या ११२ व्या जन्मदिनी, गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले आणि अनेक तरुणांनी हे नाव प्रथमच ऐकले. त्यांच्या विभागातून तयार झालेले विद्यार्थी, वालाच्या दाण्यातून काढलेले ते स्फटिक आणि डाळींच्या पोषणमूल्याचा तपशीलवार अभ्यास, हा त्यांचा खरा ठेवा होय. ज्या संस्थेने त्यांना वर्षभर अटींवर ठेवले, तिच्या प्रयोगशाळांतून आज शेकडो मुली विकरांवर काम करतात आणि त्यांच्यापैकी कोणालाही दारात बसून प्रवेश मागावा लागत नाही.